वांगाचे डाग : उपचारांचा क्रम कुठे चुकतो आणि तो कसा लावायचा

शेजारणीने सांगितलेले क्रीम मेडिकलमधून आणायचे. पंधरा दिवसांत चेहरा उजळला की खूश व्हायचे. ट्यूब संपली की डाग पहिल्यापेक्षा गडद होऊन परत येतात. मग पार्लरमध्ये फेशियल, मग कुठेतरी पील, मग लेझर आणि सगळ्यात शेवटी, तेही कोणी रागावले म्हणून, सनस्क्रीन. नाशिक शहरात काय आणि दिंडोरी-निफाडच्या वस्त्यांवर काय, वांगाचे उपचार बहुतेक घरांत याच क्रमाने होतात आणि म्हणूनच फसतात. हा क्रम उलटा करायचा आहे. आधी डाग कशाचा याची खात्री, मग सनस्क्रीन, आणि लेझर सगळ्यात शेवटी, तेही गरज पडली तरच.

दोन गोष्टी सुरुवातीलाच मान्य कराव्या लागतात. वांग फिके करता येतात, फिके ठेवता येतात, पण मुळासकट उपटता येत नाहीत. आणि फरक दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात, कारण त्वचेच्या वरच्या थरात साठलेला रंग त्या थराबरोबरच हळूहळू झडतो. आठ दिवसांत चेहरा पांढराफटक करणाऱ्या क्रीममध्ये बहुधा स्टेरॉइड, तीव्र ब्लीच किंवा पारा असतो.

टप्पा १ : डाग कोणता ते ओळखा

सकाळी तोंड धुऊन, काहीही न लावता खिडकीसमोर उभे राहा. समोरून एक, डावीकडून एक, उजवीकडून एक असे तीन फोटो काढा. फ्लॅश बंद, ब्यूटी फिल्टर बंद. हेच फोटो पुढे दर चार आठवड्यांनी त्याच खिडकीत, त्याच वेळी काढायचे आहेत. आरशावर विसंबू नका. रोज पाहिलेल्या चेहऱ्यातला फरक आपल्याला कळत नाही आणि मग चांगला चाललेला उपचार मध्येच सोडला जातो.

आता फोटो नीट पाहा. वांगाचे डाग बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना जवळपास सारखे असतात. रंग तपकिरी ते राखाडी, कडा नकाशासारख्या वेड्यावाकड्या. जागा ठरलेल्या : गालांचे उंचवटे, कपाळ, नाक, वरचा ओठ, हनुवटी, कधी जबड्याची कड. खाज नाही, दुखणे नाही, खपली नाही, आणि बोट फिरवले तर हाताला काही लागत नाही.

यापेक्षा वेगळे काही दिसले तर तो वांग नसण्याची शक्यता मोठी आहे आणि पुढचे टप्पे तुमच्या कामाचे नाहीत :

१. केसांच्या रेषेला लागून, कानापुढे आणि मानेवर राखाडी-जांभळट पट्टे : केसांच्या डायकडे किंवा काळ्या मेंदीकडे पाहा. यातल्या पीपीडी नावाच्या रसायनाची अ‍ॅलर्जी असली की असा काळेपणा येतो. कधी आधी खाज सुटते, कधी काहीच होत नाही. डाय थांबत नाही तोवर जगातले कोणतेही क्रीम उपयोगाचे नाही. वांग समजून या डागांवर वर्षानुवर्षे चुकीचे उपचार होतात. काळी मेंदी हर्बल म्हणून विकली जाते, त्यामुळे संशयही येत नाही. साधी मेंदी केस काळे करत नाही, तांबूस करते. काळे झाले म्हणजे त्यात दुसरे काहीतरी मिसळलेले आहे.

२. टिकलीच्या किंवा कुंकवाच्या बरोब्बर जागी डाग : चिकटद्रव्याची किंवा रंगाची अ‍ॅलर्जी. टिकलीच्या चिकटद्रव्याने कधी उलट पांढरा डागही पडतो.

३. कपाळाच्या दोन्ही कडा, गालांच्या बाजू आणि मान काळी, जाडसर, मखमलीसारखी : शरीरात इन्सुलिनचे काम नीट होत नसल्याची ही खूण असते. रक्तातली साखर तपासा, पाळी अनियमित असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. चेहऱ्याला क्रीम चोळून हा काळेपणा जात नाही, वजन आणि साखर आवाक्यात आली की उतरतो. मान घासून घासून सोलणाऱ्या आयांना हे कोणीतरी सांगायला हवे. ती घाण नाही.

४. एकाच बाजूला निळसर-करडा डाग, कधी त्याच बाजूच्या डोळ्याच्या पांढऱ्या भागातही : जन्मापासून किंवा वयात येताना उमटणारा हा डाग क्रीमने जात नाही. यावर लेझरच चालते. डोळ्याचा दाबही तपासून घ्यावा लागतो.

५. ठिपक्याठिपक्यांचे डाग, प्रत्येक जागी आधी मुरूम किंवा पुरळ आलेले : हे मुरमांचे डाग. आधी मुरूम थांबवायचे, डाग नंतर.

इशारा : हिरड्या, तळहाताच्या रेषा, जुन्या जखमांचे व्रण असे सगळेच काळे पडत असेल, जोडीला अशक्तपणा आणि वजन घटणे असेल, तर थेट फिजिशियनकडे जा. तसेच एखादाच डाग वाढतोय, त्याचा रंग एकसारखा नाही किंवा त्यातून रक्त येते, तर थांबू नका.

एकदा तरी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवणे गरजेचे आहे. खर्चाची अडचण असेल तर जिल्हा शासकीय रुग्णालयाच्या, म्हणजे सिव्हिलच्या बाह्यरुग्ण विभागात किंवा नाशिकजवळच्या आडगावच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जा. खासगी क्लिनिकमध्ये पाटीवर ‘स्किन’ लिहिलेले पाहून आत जाऊ नका. डॉक्टरांच्या नावापुढे त्वचारोगाची पदव्युत्तर पदवी किंवा पदविका आहे का ते वाचा. तज्ज्ञ वूड्स लॅम्प (अतिनील उजेडाचा दिवा) किंवा डर्मोस्कोप (त्वचा मोठी करून दाखवणारे भिंग) लावून रंग वरच्या थरात आहे की खोलवर, याचा अंदाज घेतात. वरचा रंग लवकर उतरतो, खोलवरचा राखाडी रंग चिवट असतो. हे आधी कळले की अपेक्षा योग्य ठेवता येते.

टप्पा २ : कारणांची यादी करा

वांगामागे एकच एक कारण सहसा नसते. घरात आईला, मावशीला वांग असतात, त्यावर ऊन पडते आणि हार्मोन त्यात भर घालतात. म्हणून वहीत लिहून काढा : डाग कधी सुरू झाले, तेव्हा गरोदरपण होते का, गर्भनिरोधक गोळी चालू होती का, थायरॉइडचा त्रास आहे का, कोणती औषधे रोज घेता. मुरमांसाठी दिली जाणारी डॉक्सिसायक्लीनसारखी गोळी त्वचेला उन्हासाठी नाजूक करते, फिट्सच्या काही औषधांनीही रंग गडद होतो.

गर्भनिरोधक गोळी सुरू झाल्यावर डाग आले असतील, तर स्त्रीरोगतज्ज्ञाला दुसरा पर्याय विचारा. स्वतःच्या मनाने मध्येच बंद करू नका.

उष्णतेचा मुद्दा बहुतेक जणी सोडून देतात. चूल, तवा, भट्टी यांची झळ वांग गडद करते. बाजरीच्या दहा-वीस भाकरी रोज चुलीवर थापणाऱ्या बाईने सनस्क्रीन कितीही लावले तरी झळ थेट गालावर बसते. चुलीच्या समोर बसण्याऐवजी थोडे बाजूला, अंतर ठेवून बसणे, गॅस असेल तर एक्झॉस्ट लावणे, मधून मधून गार पाण्याचा फडका तोंडाला लावणे, एवढ्यानेही फरक पडतो.

‘रक्त अशुद्ध झाले’, ‘पोट साफ नाही’, ‘अंगात उष्णता आहे’ ही कारणे यादीत लिहू नका. वांगाचा त्यांच्याशी संबंध नाही आणि रक्त शुद्ध करणाऱ्या काढ्यांवर घालवलेले महिने उन्हाला फुकट मिळतात.

टप्पा ३ : चेहरा रिकामा करा

नवे काही सुरू करण्याआधी दोन ते चार आठवडे चेहऱ्यावर फक्त तीन वस्तू : सौम्य फेसवॉश, साधे सुगंधविरहित मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. बाकी सगळे बंद.

बंद म्हणजे काय काय, ते स्पष्ट सांगतो. लिंबू, खाण्याचा सोडा, टूथपेस्ट, कच्चा बटाटा, तुरटी बंद. लिंबाचा रस लावून उन्हात गेले तर त्वचा भाजल्यासारखी होऊन नवे गडद डाग पडतात. बेसन-हळदीचे उटणे लावायला हरकत नाही असे वाटते, पण ते वाळल्यावर घासून काढण्यात त्वचा चोळली जाते, आणि चोळलेली त्वचा रंग तयार करते. स्क्रब, ब्लीच, फेशियल मसाज, कडक टॉवेलने तोंड पुसणे, सगळे याच कारणाने थांबवायचे. वरच्या ओठाचे थ्रेडिंग किंवा वॅक्सिंग अगदीच हवे असेल तर महिन्यातून एकदा, आणि त्या दिवशी व दुसऱ्या दिवशी कोणतेही औषध नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. घरातली प्रत्येक ट्यूब उलटी करून मागची बारीक अक्षरे वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादे नाव असेल तर ते स्टेरॉइड आहे. यांतली बरीच क्रीम डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नसतात, तरी सर्रास मिळतात. स्टेरॉइडने आधी चेहरा नितळ दिसतो, मग त्वचा पातळ होते, लाल केशवाहिन्या दिसू लागतात, बारीक पुरळ आणि लव येते, जराशा उन्हाने चेहरा पेटतो. क्रीम थांबवले की आग होते, लाली उसळते, म्हणून परत लावले जाते. हे चक्र वर्षानुवर्षे चालते, आणि त्यात अडकलेल्या बाईची काही चूक नसते. तिला कोणी सांगितलेलेच नसते.

इशारा : असे क्रीम दोन-तीन महिन्यांपेक्षा जास्त लावले असेल तर एका दिवसात बंद करू नका. त्वचारोगतज्ज्ञाच्या सल्ल्याने हळूहळू कमी करा. ही त्वचा सावरायला काही महिने लागतात आणि तोपर्यंत वांगाचे कोणतेही तीव्र औषध चालत नाही.

निर्मात्याचा पत्ता, घटकांची यादी आणि परवाना क्रमांक नसलेले ‘फेअरनेस’ क्रीम, मग ते बाजारात स्वस्त मिळो की परदेशातून कोणी भेट आणो, कचऱ्यात टाका. अशा क्रीममध्ये पारा सापडलेला आहे आणि पारा त्वचेतून शरीरात जाऊन मूत्रपिंडाला इजा करतो.

तपासा : तोंड धुतल्यावर आग होत नाही, ताण वाटत नाही, कुठे लाली नाही. हे सलग आठवडाभर जमले की पुढे जा. चिडलेल्या त्वचेवर औषध लावले की डाग वाढतात, ही या सगळ्या मार्गदर्शनातली सर्वांत जास्त मोडली जाणारी अट आहे.

टप्पा ४ : ऊन अडवा

हा टप्पा नीट झाला तर पुढचे निम्मे काम होते. हा टाळला तर पुढचे सगळे वाया जाते. म्हणून इथे घाई नको.

नाशिकचे ऊन मुंबईसारखे घामटे नसते, हवा कोरडी आणि सुखद असते, त्यामुळे ते सौम्य वाटते. थंडीत तर अंगणात, गच्चीवर ऊन खात बसायची आपली सवयच आहे. पण डाग गडद करतात ते अतिनील किरण आणि डोळ्यांना दिसणारा उजेड. त्यांचा हवेच्या गारव्याशी संबंध नाही. नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या २० तारखेच्या सुमारास आणि पुन्हा जुलैच्या २३ तारखेच्या सुमारास सूर्य इथे दुपारी बरोबर डोक्यावर येतो. म्हणजे पावसाळ्याच्या ऐन मध्यावर ढगांच्या वर सूर्य उभाच असतो, आणि पातळ ढगांतून बरेचसे अतिनील किरण आरपार येतात. जूनमध्ये सनस्क्रीन ठेवून देणारे ऑक्टोबरमध्ये डाग परत आले म्हणून विचारायला येतात.

सोपी खूण : तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तर किरण तीव्र आहेत. त्या वेळी बाहेरची कामे टाळता येतील तेवढी टाळा.

सनस्क्रीन निवडताना ट्यूबवरचे अतिनील किरणांपासूनच्या संरक्षणाचे दोन आकडे पाहा : एसपीएफ ३० ते ५०, पीए तीन प्लस (+++) किंवा त्याहून जास्त. वांगासाठी त्वचेच्या रंगाचे, म्हणजे टिंटेड सनस्क्रीन जास्त उपयोगी पडते. त्यातला आयर्न ऑक्साइड दिसणारा उजेड अडवतो, जे साधे पांढरे सनस्क्रीन नीट करत नाही. पैसे एकाच गोष्टीवर खर्च करायचे असतील तर इथे करा.

लावायची पद्धत :

१. आधी मॉइश्चरायझर, पाच मिनिटांनी सनस्क्रीन. घराबाहेर पडण्याच्या १५ ते २० मिनिटे आधी.

२. तर्जनी आणि मधले बोट यांवर टोकापासून तळापर्यंत दोन रेघा. एवढे चेहरा, कान आणि मानेला लागते. जास्त वाटत असेल तर एक रेघ आधी, ती मुरली की दुसरी.

३. चोळू नका, थापून पसरवा. वरचा ओठ, कपाळाची केसांची कड आणि कानाची पाळी सुटतात, तिथे पुन्हा पाहा.

४. बाहेर असाल तर दर दोन-तीन तासांनी पुन्हा. घाम पुसताना रुमालाने घासू नका, टिपा, मग थर द्या.

५. घरात असाल तरी सकाळी एकदा आणि दुपारी एकदा. खिडकीची काच आणि गाडीच्या बाजूची काच अतिनील किरणांतला मोठा भाग आत सोडते. मोबाइल-कॉम्प्युटरच्या पडद्याचा उजेड या कामी फार क्षीण असतो, त्याची धास्ती नको.

तपासा : रोज दोन वेळा वरच्या मापाने लावले तर ५० ग्रॅमची ट्यूब महिन्याच्या आत संपते. तीच ट्यूब चार महिने पुरत असेल तर तुम्ही सनस्क्रीन लावत नाही, वास घेता आहात असेच म्हणावे लागेल.

आता स्कार्फ. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकापासून सातपूर, अंबडच्या कारखान्यांपर्यंत दुचाकीवर जाणाऱ्या मुली स्कार्फ बांधतात, ते चांगलेच आहे. मात्र झुळझुळीत जॉर्जेट ऊन अडवत नाही. कापड उजेडापुढे धरा, पलीकडची बोटे दिसली तर ते निरुपयोगी. घट्ट विणीचे सुती, गडद रंगाचे घ्या, रोज धुतलेले. आणि इतके आवळून बांधू नका की गालावर दिवसभर घासेल.

शेतातल्या कामाचा विचार वेगळा करावा लागतो. ऑक्टोबर छाटणीपासून विरळणी, डिपिंग (घड औषधाच्या द्रावणात बुडवणे) आणि मग जानेवारी ते एप्रिल माल काढणी, शिवाय एप्रिलची खरड छाटणी, असे द्राक्षबागेत वर्षातले बरेच महिने मान वर करून काम चालते. मांडवाखाली सावली वाटते, पण ती कवडशांची सावली असते. छाटणीनंतर तर तीही नसते. उन्हाळ कांद्याच्या काढणीत आणि खांडणीत (पात कापताना) मार्च-एप्रिलचे ऊन थेट तोंडावर येते. दर दोन तासांनी सनस्क्रीन लावा, हा सल्ला तिथे मातीच्या हातांनी पाळता येत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. त्यामुळे तिथे कपड्यावर भर द्या : तीन-चार इंची रुंद कडेची टोपी, तिच्याखाली सुती स्कार्फ, सकाळी घरून निघताना एक जाड थर आणि दुपारच्या भाकरीच्या सुट्टीत हात-तोंड धुऊन दुसरा. भुरी रोगासाठी गंधक मारलेल्या बागेतून आल्यावर तोंड लगेच धुवा, गंधकाची भुकटी त्वचेला चिडवते.

‘ड’ जीवनसत्त्वाची काळजी वाटत असेल तर हातपायांना ऊन द्या, चेहरा झाकलेलाच ठेवा. तपासणीत कमी निघाले तर डॉक्टर पूरक गोळी देतात.

टप्पा ५ : रात्रीचे औषध

सनस्क्रीनची सवय पक्की झाल्यावर, म्हणजे निदान तीन-चार आठवड्यांनंतर, औषध सुरू करा. एका वेळी एकच. दोन नवी औषधे एकत्र सुरू केली आणि आग झाली तर दोषी कोण हे कळत नाही.

सौम्य बाजूने सुरुवात करायची तर अ‍ॅझेलिक अ‍ॅसिड १० ते २० टक्के, नायसिनामाइड ४ ते ५ टक्के किंवा कोजिक अ‍ॅसिड. अ‍ॅझेलिक अ‍ॅसिड लावल्यावर सुरुवातीला काही मिनिटे मुंग्या आल्यासारखे होते, ते चालते. गरोदरपणात डॉक्टर देऊ शकतात असे हे एक औषध आहे.

डाग गडद असतील तर त्वचारोगतज्ज्ञ हायड्रोक्विनोन (रंग तयार होणे कमी करणारे औषध) २ ते ४ टक्के किंवा तीन औषधांचे मिश्रण देतात. या मिश्रणात हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन (‘अ’ जीवनसत्त्वाच्या गटातले औषध) आणि सौम्य स्टेरॉइड असते. ते परिणामकारक आहे, पण साधारण आठ आठवड्यांसाठी आणि देखरेखीखाली. यातला स्टेरॉइड सौम्य आहे की मोमेटासोनसारखा तीव्र, हे चिठ्ठी हातात आल्यावर विचारून घ्या. नुसते हायड्रोक्विनोनही सलग तीन-चार महिन्यांपेक्षा जास्त नको. वर्षानुवर्षे लावले तर निळसर-काळा डाग पडतो आणि तो मूळ वांगापेक्षा कितीतरी चिवट असतो. डाग गडद होतोय म्हणून माणूस आणखी लावतो, आणि सापळा घट्ट होतो.

लावायचा क्रम असा :

१. आधी कानामागे तीन रात्री थेंबभर लावून पाहा. लाली, खाज नसेल तर चेहऱ्याला.

२. तोंड धुवा, टिपून कोरडे करा, १५-२० मिनिटे थांबा. ओलसर त्वचेत औषध जास्त शिरते आणि जाळते.

३. डोळ्यांचे कोपरे, नाकपुड्यांच्या कडा आणि ओठांना पेट्रोलियम जेली.

४. हायड्रोक्विनोन फक्त डागावर, पातळ. ट्रेटिनॉइन पूर्ण चेहऱ्याला मिळून वाटाण्याच्या दाण्याएवढे. जास्त लावून लवकर गुण येत नाही.

५. पहिले दोन आठवडे आठवड्यातून दोनच रात्री, मग एक रात्र सोडून एक, मग सोसले तर रोज. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या थंडीत त्वचा फाटते, तेव्हा एक पायरी मागे या आणि औषधावर मॉइश्चरायझरचा थर द्या.

६. सकाळी धुवून लगेच सनस्क्रीन. ज्या दिवशी सनस्क्रीन लावणे शक्य नाही, त्याच्या आदल्या रात्री ट्रेटिनॉइन नको.

तपासा : हायड्रोक्विनोनची ट्यूब उघडल्यावर मलम तपकिरी पडले असेल तर ते खराब झाले, टाकून द्या. लाली दोन दिवसांपेक्षा जास्त राहिली तर तीन-चार रात्री फक्त मॉइश्चरायझर, मग निम्म्या वेळा लावून पुन्हा सुरुवात. ‘थोडे जळाले म्हणजे औषध लागू पडतेय’ हा समज फार नुकसान करतो.

इशारा : गरोदर असाल किंवा दिवस राहण्याची शक्यता असेल तर ट्रेटिनॉइन आणि हायड्रोक्विनोन दोन्ही नको. गरोदरपणात आलेले वांग बाळंतपणानंतर काही महिन्यांत आपोआप फिके होण्याची चांगली शक्यता असते, तोवर ऊन अडवणे पुरेसे आहे.

टप्पा ६ : गोळी, पील, लेझर

इथवरचे सगळे तीन महिने नेटाने करूनही फोटोत फरक नसेल, तरच हा टप्पा.

ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड ही गोळी मूळची रक्तस्राव थांबवण्यासाठीची. वांगासाठी सहसा २५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, दोन-तीन महिने दिली जाते आणि अनेकांना चांगला गुण येतो. पण स्वतःला किंवा घरात कोणाला रक्ताची गाठ, पक्षाघात, हृदयविकार झाला असेल, गर्भनिरोधक गोळी चालू असेल, धूम्रपान असेल, मूत्रपिंडाचा विकार किंवा गरोदरपण असेल, तर ती धोक्याची आहे. मैत्रिणीच्या चिठ्ठीवर ही गोळी आणू नका. गोरेपणासाठी शिरेतून देतात ती ग्लुटाथायोनची इंजेक्शने वांगासाठी घेऊ नका.

पील म्हणजे त्वचेचा वरचा थर रसायनाने उतरवणे. ग्लायकोलिक अ‍ॅसिडचे कमी तीव्रतेपासून, दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने चार ते सहा वेळा करतात. आधी दोन ते चार आठवडे रात्रीचे औषध लावून त्वचा तयार करावी लागते, ट्रेटिनॉइन पीलच्या काही दिवस आधी थांबवावे लागते, आणि आठवडाभर आधी व नंतर थ्रेडिंग, ब्लीच, वॅक्सिंग नको. ओठावर ताप फुटण्याची, म्हणजे हर्पिसची सवय असेल तर आधी सांगा. नंतर सुटणारी साल ओढू नका, तिथे हमखास डाग पडतो. लग्नाच्या आठ दिवस आधी पहिले पील ही लग्नसराईतली नेहमीची चूक. शेवटचे पीलसुद्धा लग्नाच्या निदान चार आठवडे आधी आटोपलेले हवे. एप्रिल-मे शक्यतो टाळा.

लेझर सर्वांत शेवटी. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत लेझरच्या उष्णतेनेच रंग उसळू शकतो, जास्त बैठका झाल्या तर पांढरे ठिपकेही पडतात. केलेच तर कमी तीव्रतेचे क्यू-स्विच्ड एनडी-याग नावाचे लेझर, अनुभवी त्वचारोगतज्ज्ञाकडून, आणि डाग परत येऊ शकतात हे आधी ऐकून घेऊन. ‘एका बैठकीत वांग साफ’ असे सांगणाऱ्या ठिकाणाहून उठून या.

टप्पा ७ : फिके झाल्यावर

डाग फिके झाले की औषध एकदम सोडले जाते, पाठोपाठ सनस्क्रीनही. मग पहिल्याच उन्हाळ्यात सगळे परत. म्हणून हायड्रोक्विनोन किंवा मिश्रण डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे आठवड्यातून कमी कमी रात्रींवर आणत बंद करा आणि त्याच्या जागी अ‍ॅझेलिक अ‍ॅसिड किंवा नायसिनामाइड चालू ठेवा. सनस्क्रीन बारा महिने. गर्भनिरोधक गोळी पुन्हा सुरू होणार असेल तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.

खिडकीतले फोटो आता दर तीन महिन्यांनी पुरतात. एक मात्र फेब्रुवारीत आवर्जून काढा, ऊन तापण्याआधी. त्यात कडा पुन्हा गडद होताना दिसल्या तर एप्रिलची वाट न पाहता टप्पा ४ परत तपासा : ट्यूब किती दिवसांत संपली, स्कार्फ कोणता, दुपारचा थर सुटतो का.